शेकड्यामागे दहा

शिरोड्याला सुरूच्या बनाच्या अलीकडे माझ्या आत्याचं घर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही घरामागच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, आणि त्या पाण्यावरच आत्याचं म्हातारपण चाललं आहे. नवरा गेल्यावर तिने परसात चिऱ्याच्या दोन न्हाण्या आणि एक संडास बांधून घेतला. रस्त्याकडच्या माडाला पाटी ठोकली, 'गोड्या पाण्याची आंघोळ'. समुद्रात डुंबून आलेली माणसं अंग चरचरायला लागलं की ती पाटी वाचून आत वळतात. आंघोळीचे वीस रुपये, संडासचे दहा.

पाण्यात जाताना माणसं फोन गाडीत ठेवतात. त्यामुळे आंघोळीला येताना त्यांच्याकडे द्यायला असते ती गाडीच्या खणात पडलेली चिल्लर. त्यात दहाची नाणी जास्त. दहाचं नाणं बंद झालं, खोटी नाणी आली आहेत, अशी आवई आमच्याकडे मधूनमधून उठते आणि मग भाजीवाली ते घेत नाही, रिक्षावाला घेत नाही. कुठेच न खपलेलं नाणं आत्याच्या परसात मात्र खपायचं. अंगावरून पाणी निथळत असलेल्या माणसाला परत पाठवणं तिच्याने होत नसे. ती नाणं घ्यायची, पदराला पुसायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

आठवड्याच्या शेवटी डबा ओतून ती दहा-दहा नाण्यांची चळत करायची. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उभी कापून त्यात चळत गुंडाळायची आणि भाताचं शीत लावून कागद चिकटवायची. अशी एक गुंडाळी म्हणजे शंभर रुपये. पर्यटकांच्या दिवसांत महिन्याला अशा तीसेक गुंडाळ्या व्हायच्या.

त्या गुंडाळ्यांच्या नोटा करून आणायचं काम माझ्याकडे आलं, त्याची ही हकीकत आहे. मी वेंगुर्ल्यात एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. पोरांच्या फीच्या पावत्या लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली आणि त्यात एका रुपयाचाही घोळ कधी झाला नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी मुळातच हातचलाखी करणारा माणूस असेन. मी तसा नव्हतो. म्हणजे, तसा नाही असं मला वाटत होतं.

आधी काही वर्षं हे काम शिरोडा बाजारातले एक दुकानदार करत. किराणा मालाचं जुनं दुकान. ते आत्याच्या नवऱ्याचे, म्हणजे माझ्या काकांचे, लहानपणापासूनचे दोस्त. आत्या लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या घरात मीठही त्याच दुकानातलं. त्या दुकानदारांची बायको आणि आत्या दर उन्हाळ्यात मिळून कोकमं फोडायच्या, वाळवायच्या. दुकानदार आत्याच्या गुंडाळ्या घ्यायचे आणि मोजून नोटा द्यायचे. एक पैसा कापत नसत.

मग दहाच्या नाण्यांची आवई उठली. दुकानदारांना माल आणून देणारा टेम्पोवाला नाणी घेईना. त्यांनी आत्याला समजावून सांगितलं की, आता नाणी साठवून सावंतवाडीला पाठवावी लागतात, तिथला माणूस शेकड्याला पाच बट्टा कापतो, तेवढा तुम्हाला सोसावा लागेल. ते सांगतानाही त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, असं आत्याच म्हणाली. ती कबूल झाली, पण तिला ते लागलं. शंभर दिल्यावर पंचाण्णव परत येतात, हे तिला पटत नव्हतं.

तिने मला विचारलं, बँकेत भरता येतील का? काका वेंगुर्ल्याच्या फळबागेत सरकारी नोकरीला होते, त्यामुळे तिच्या पेन्शनचं खातं वेंगुर्ल्यातच आहे. मी एका शनिवारी पिशवी घेऊन गेलो. काऊंटरवरची बाई नीट बोलली. एका दिवशी हजार रुपयांपर्यंतच नाणी घेता येतील, म्हणाली, आणि महिन्यातले ठरावीक भरणे झाले की पुढच्या प्रत्येक भरण्याला शुल्क लागेल. तिने मशीनवर नाही, हाताने नाणी मोजली. माझ्यामागे रांग वाढत गेली आणि मागच्या एकाने, तुम्ही देवळाची पेटी फोडली का, असं विचारलं. लोक हसले. मी उरलेली नाणी घेऊन बाहेर पडलो.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपलेच पैशे ठेवूक पैशे?"

मी म्हटलं, तू कशाला ओझं घेऊन दुकानात जातेस, महिन्यातून एकदा मी येतोच, मीच बघतो काय ते. माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. पहिल्या महिन्यात मी खरोखर त्या दुकानदारांकडेच गेलो आणि पाच टक्के कापून आलेल्या नोटा तिच्या हातात ठेवल्या.

दुसऱ्या महिन्यात गोष्ट बदलली. आमच्या शाळेत एका मुलाची फी भरायला त्याचा बाप आला होता. तो वेंगुर्ल्याबाहेरच्या एका लहानशा काजू कारखान्यात पगार वाटायचं काम करतो. बोलता बोलता कुरकुरला की, बायकांना सोलाईचे पैसे किलोवर द्यायचे असतात, रक्कम कधी सरळ येत नाही, शनिवारी सुट्ट्यांसाठी बाजारभर हिंडावं लागतं. मी विचारलं, दहाची नाणी चालतील का? तो म्हणाला, धावतील. आमच्या बायका एसटीने येतात, वाहक त्यांच्याकडे रोज सुट्टे मागतो, नाणी त्यांना हवीच असतात.

त्या शनिवारी मी त्याला एकतीस गुंडाळ्या दिल्या. त्याने एक फोडून मोजली, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि मला एकतीसशे रुपये दिले. पूर्ण. वर चहा पाजला.

स्कूटरवरून शिरोड्याला जाताना मी खुशीत होतो. आत्याला सांगायचं होतं की आता बट्टा नाही. मोचेमाडचा उतार लागेपर्यंत मी तेच मनात घोळवत होतो. मग कुठेतरी डोक्यात आलं की, एवढं वीस किलोमीटर मी येतो, पेट्रोल माझं, रविवार माझा, आणि हिने कधी विचारलंही नाही. आरवली मागे पडेस्तोवर खिशातल्या पैशांचे दोन भाग झाले होते. ते कधी झाले, हे मला सांगता येत नाही. हात खिशात गेला होता, एवढं आठवतं.

आत्या ओट्यावर बसली होती. मी तिला सत्तावीसशे नव्वद रुपये दिले. म्हटलं, "आते, ते आता शेकड्याक धा घेतत."

तिने नोटा दोनदा मोजल्या. "धा?" म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या काकाच्या खांद्यार हात टाकून फिरणारो माणूस तो."

तेव्हाही मागे फिरता आलं असतं. पाचच म्हणालो असतो तर जुनंच चालू राहिलं असतं. मी दहा का म्हटलं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पेट्रोलचे पैसे पाचांतही निघत होते. मला वाटतं, खोटं बोलायचंच तर जरा भरघोस बोलावं, असं काहीतरी माणसाला होत असावं.

पुढच्या तीन हंगामांत मी दर महिन्याला असंच केलं. तीनशे, साडेतीनशे, मे महिन्यात पाचशे. त्या पैशांचं मी काय केलं म्हणाल, तर काहीच दाखवता येत नाही. पेट्रोल, कधी मासे, एकदा मुलीला रेनकोट. घरात कुणाची औषधं अडली नव्हती, कुणाची फी थकली नव्हती. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

इकडे आत्या त्या दुकानदारांशी बोलेनाशी झाली. भांडण असं काही झालं नाही. तिने त्यांच्याकडून सामान आणणं बंद केलं. तिठ्यापलीकडच्या दुकानात जायची, उन्हातून, दहा मिनिटं जास्त चालून. बाजारात ते समोर आले की ही दुसरीकडे बघायची. कोकमाच्या दिवसांत दुकानदारांची बायको टोपली घेऊन आली, तर आत्याने तिला सांगितलं की यंदा कमरेत धरलं आहे, बसवत नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही.

हे सगळं आत्या मला सांगायची. मी ऐकायचो. आणि म्हणायचो, जाऊ दे.

दुकानदारांची बायको गेल्या पावसाळ्यात गेली. वर्षभर आजारीच होती. त्या दिवशी मी योगायोगाने आत्याकडे होतो. पर्यटक नव्हते, न्हाण्यांची दारं बंद होती आणि मी पत्रे बघायला म्हणून गेलो होतो. बाजाराकडून माणसं येताना दिसली. पुढे दुकानदार होते, डोक्यावर टॉवेल, पायांत काही नाही. स्मशानात जायची वाट आत्याच्या फाटकावरून जाते.

आत्या फाटकाशी उभी राहिली. तिच्या हातात कळशी होती, ती खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मी भेटाक जाव काय रे? बोलाक नको तेच्याशी. नुसता बसान येतंय."

मी तिच्या मागे तीन पावलांवर होतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "तुझी मर्जी, आते."

माणसं पुढे गेली. ती गेली नाही. बाराव्यालाही नाही. नंतर एकदा म्हणाली की, मेल्याघरी वैर ठेवू नये हे तिला कळतं, पण ज्याने विधवेच्या नाण्यावर दुप्पट बट्टा घेतला त्याच्या घरात पाणी कसं प्यायचं. मी पत्र्यावर चढलो होतो. खाली उतरलो नाही.

गणपती झाले, दसरा झाला, गाड्या पुन्हा यायला लागल्या. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. आत्याने चहा केला, सोबत कुळथाच्या पिठीचा डबा बायकोसाठी बांधून ठेवला होता. नाण्यांचे डबे मात्र बाहेर नव्हते. मला वाटलं, अजून गुंडाळ्या झाल्या नसतील.

ती समोर बसली आणि विचारलं, "बट्टो किती घेतत ते आता?"

"धाच."

"तेच घेतत मां? दुकानवाले?"

"होय."

"तू स्वतः देतंस तेंच्या हातात?"

मला तेव्हा शंका यायला हवी होती. आत्या एवढे प्रश्न कधी विचारत नसे. पण तीन वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून होय निघून गेलं.

तिने कनवटीची एक गुंडाळी काढून माझ्या कपाशेजारी ठेवली. कॅलेंडरचा कागद, त्यावर निळा अर्धा आकडा, कडेला वाळलेलं शीत. फोडलेली नव्हती. आत्याची शेजारीण दसऱ्यापासून त्याच काजू कारखान्यात सोलाईला जायला लागली होती. तिला शनिवारच्या पगारात ती आली होती. कागद ओळखून तिने पगार वाटणाऱ्याला विचारलं, आणि त्याने सरळपणे सांगितलं की शाळेतले कारकून आणून देतात, शंभराला शंभर, तीन वर्षं झाली. त्याला लपवायचं काही कारणच नव्हतं. शेजारणीने ती गुंडाळी आत्याला आणून दाखवली, आत्याने शंभराची नोट देऊन ती ठेवून घेतली.

ती ओरडेल, रडेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर सोपं झालं असतं.

ती म्हणाली, "पैशाचा मागसून बघूया. आधी माझ्यावांगडा दुकानार चल. थंय तू बोल. मी बोलूचंय नाय."

मी म्हटलं, आते, तुला मी सगळे पैसे आणून देतो. ती उठून चपला घालत होती.

रविवारची दुपार, दुकानात गर्दी नव्हती. दुकानदारांचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. म्हातारे बाहेर बाकावर पाय वर घेऊन बसले होते. आत्याला येताना बघून ते उठून उभे राहिले. तीन वर्षांनी ती त्या पायरीवर चढत होती.

मी बोललो. वाटेत जुळवून ठेवलेलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, काका, तुमचं नाव सांगून मी आत्याच्या नाण्यांवर शेकड्यामागे दहा घेत होतो. तुम्ही घेता असं तिला सांगत होतो. नाणी मी दुसरीकडे देत होतो आणि तिथे काही कापत नव्हते. हे ऑफिसातल्या मराठीत बोललो, मालवणीत मला ते बोलवेना.

मुलगा गल्ल्यावरून बघत राहिला. म्हाताऱ्यांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी मला परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. मग ते माझ्याकडे न बघता आत्याकडे वळले.

"वयनी, माका वाटला वर्षश्राद्धाक मी दिललो तांदूळ कुबट निघालो आसतलो. तेच्यानंतरच तुमी येवचा बंद केलात. मी तांदळाचो व्यापारी बदललंय."

काकांच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला त्यांनी तांदूळ पाठवला होता, ते मलाही आठवलं. मी पहिल्यांदा दहा म्हटलं, त्याच महिन्यातलं ते श्राद्ध होतं. या माणसाने तीन वर्षं स्वतःच्याच दुकानात खोट शोधली होती.

आत्या बाकाच्या टोकाला बसली. त्यांच्या बायकोविषयी तिने विचारलं, "वयनीन माझा नाव काढल्यान कधी?"

मुलगा गल्ल्यामागे उठून उभा राहिला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण म्हाताऱ्यांनी हाताने त्याला बस म्हटलं.

"शेवटी शेवटी तिका कोणाची वळख नाय होती," ते म्हणाले.

आत्याने मान हलवली. खरं काय होतं, ते तिला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि आता कळायचं नाही. मी पायरीवर उभाच होतो. कुणी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती दोघं तांदळाविषयी, पावसाविषयी बोलू लागली, हळूहळू, आजारातून उठलेली माणसं बोलतात तशी. मी निघालो.

पुढच्या आठवड्यात मी नऊ हजार रुपये नेऊन दिले. आकडा मी अंदाजाने काढला होता, थोडा वरच धरून. मला वाटलं होतं, ती म्हणेल ठेव तुझ्याकडे, किंवा मुलीला काहीतरी घे. ती तसं म्हणाली नाही. तिने नोटा मोजल्या. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिने कोणत्या महिन्यात किती गुंडाळ्या दिल्या ते लिहून ठेवलं होतं, ती पानं काढली. बोटांवर हिशेब केला आणि दोनशे चाळीस परत दिले. जास्तीचे तिला नको होते.

आता तिच्या माडावर पाटीखाली क्यूआर कोडचा कागद लावलेला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. शेजारणीच्या मुलीने लावून दिला. काही लोक फोन घेऊन येतात आणि त्यावर पैसे पाठवतात. बाकीचे अजून नाणीच देतात. काजू कारखान्यात ती आता शेजारणीकडून गुंडाळ्या पाठवते, पण पगार वाटणाऱ्याला दर शनिवारी तेवढ्या लागत नाहीत. राहिलेल्या घेऊन ती महिन्यातून एकदा स्वतः एसटीने वेंगुर्ल्याला येते, बँकेत हजाराची नाणी भरते. शुल्क पडू नये म्हणून एकदाच येते.

माझ्या बायकोने विचारलं, आत्या आपल्याकडे जेवायला का येत नाही हल्ली, बँकेत तर येते. मग मला सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी बायकोने कपाटाची किल्ली, जी नेहमी खुंटीला असायची, आपल्या पर्समध्ये टाकली. मुद्दाम टाकली की सवयीने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात बँकेचा दिवस मला कळला होता. शाळेतून अर्धा तास सुटी घेऊन मी गेलो. आत्या रांगेत होती, पुढे सात-आठ माणसं, हातात कापडी पिशवी, पिशवीच्या वजनाने खांदा एका बाजूला झुकलेला. मी जवळ जाऊन म्हटलं, आते, तू तिकडे खुर्चीवर बस, तुझ्या जागी मी उभा राहतो. पिशवी हवी तर तुझ्याकडेच ठेव.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कशी आहे मुलगी, असं विचारलं. बरी आहे म्हटलं.

"तू बस जा थंय," ती म्हणाली. "माझी पाळी इली की माका कळता."

मी खुर्चीवर जाऊन बसलो. रांग सावकाश सरकत होती. काऊंटरवरच्या बाईने तिची नाणी हाताने मोजायला घेतली, तेव्हा मागचं कुणीतरी काहीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले. आत्याने वळून बघितलं नाही. माझी सुटी संपत आली होती, तरी तिचं होईपर्यंत मी बसून राहिलो. पावती घेऊन ती बाहेर पडली, मला मानेने निघते म्हणाली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.